दर पाच दिवसांनी येणारा पटवारी

आमच्या लहानपणी वऱ्हाडातल्या पिकांची पाहणी पटवारी करायचा, आणि ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओसरीवर बसून व्हायची. सायकलच्या कॅरिअरला दफ्तर बांधलेलं असायचं. सायकल भिंतीला टेकली की पाणी यायचं, पाण्यामागून चहा, चहामागून पान. तोवर कोतवाल चार माणसं गोळा करून आणायचा. मग पाहणी सुरू.

"अवंदा काय हाय वावरात, काका?"

"पऱ्हाटी हाय, तूर हाय."

"अन् नाल्याकडच्या तुकड्यात?"

"मांडा ना जी मागच्या सालचंच."

मागच्या सालचंच मांडलं जायचं. त्यामुळे वावरात सोयाबीन गुडघ्याला लागलं तरी सातबाऱ्यावर ज्वारी उभी असायची. बुजलेल्या विहिरीला कागदावर भरपूर पाणी असायचं, आणि ज्याचं पटवाऱ्याशी बिनसलं त्याच्या चालू विहिरीची नोंद वर्षानुवर्षं होत नसे. आम्ही ज्या काळासाठी हळहळतो तो हा काळ, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आता दर पाच दिवसांनी पाहणी होते. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातला सेंटिनेल-२ जातीचा पहिला उपग्रह २०१५ साली वर गेला, दुसरा २०१७ साली. तेव्हापासून या जातीची जोडी सातशे-आठशे नव्हे, नेमकं सांगायचं तर ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरते आणि सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला आमच्या डोक्यावरून जाते. हा नवा पटवारी चहा घेत नाही, पान खात नाही, कुणाच्या ओसरीवर टेकत नाही. दर्यापूरच्या काळ्या रानातलं आणि अचलपूरच्या केळीच्या मळ्यातलं त्याला सारखंच दिसतं. त्याच्या चित्राचा एक ठिपका दहा मीटर लांबी-रुंदीचा असतो, म्हणजे आमच्या एका एकराचे चाळीस ठिपके. आणि ही चित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. दर्यापूरच्या शेतकऱ्यालाही, दर्यापूर कुठे आहे हे माहीत नसलेल्यालाही. फरक इतकाच, की दुसरा पाहतो आणि पहिला पाहत नाही.

जुन्या पाहणीच्या पुढची पायरी म्हणजे आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे पुरं पीक. आणे जाऊन पैसे आले, कागदावर पैसेवारी झाली, गावाच्या तोंडात मात्र आणेवारीच राहिली. गाव पन्नास पैशांच्या खाली आलं की टंचाई लागायची. मग शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला थांबा आणि आम्हा पोरांची परीक्षा फी माफ. त्यामुळे आमच्या पिढीतली पोरं परीक्षेत पस्तीसच्या वर आणि पैसेवारीत पन्नासच्या खाली, अशी दुहेरी प्रार्थना करत मोठी झाली.

पैसेवारीसाठी पीक कापणी प्रयोग व्हायचा, आणि आमच्यासाठी तो जवळपास सणच होता. ज्या वावराचा नंबर लागेल तिथे पटवारी, ग्रामसेवक, शेतीखात्याचा माणूस, पंच आणि गावातली सगळी बिनकामाची पोरं जमायची. वावराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, तक्त्यातून निघालेल्या आकड्याइतकी पावलं आधी लांबीला मोजायची, मग रुंदीला, आणि पाऊल थांबेल तिथे खुंटी ठोकायची. मालकाची इच्छा अशी, की खुंटी चिबडलेल्या भागात पडावी. पडायची मात्र नेमकी जुन्या उकिरड्याजवळ, जिथे पीक माजलेलं असायचं तिथे. "पाऊल लांब टाकलं जी तुम्ही," मालक म्हणायचा. पटवारी कोपऱ्यावरून पुन्हा पावलं मोजायचा. कधी खुंटी हलायची, कधी नाही. मग दोरी लावून चौकोन आखला जायचा, आतलं पीक बाया कापायच्या, तिथेच ताडपत्रीवर झोडपायच्या, सुपाने उफणायच्या. तराजूत शेवटचा दाणा पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. त्यानंतर सगळे एकदम बोलायचे.

या सणाची दुसरी बाजू आम्हाला ठाऊक आहे. मोजक्या चौकोनांवर आख्ख्या महसूल मंडळाचं नशीब ठरायचं. कितीतरी प्रयोग तर वावराचं तोंड न पाहता रजिस्टरातच पार पडायचे. ज्या बाया कापायच्या त्यांचा अंगठा पंचनाम्यावर नसायचा. मेळघाटातल्या आतल्या पाड्यांवर खुंटी पोचायचीच नाही. सणाला बोलावणं ठरावीक घरांनाच होतं.

आता दुष्काळ ठरवण्याची रीत बदलली. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पाऊस, जमिनीतली ओल, जलसाठे आणि पिकांचा हिरवेपणा असे निर्देशांक पुढे आणले. त्यातला हिरवेपणा मोजायचा तो उपग्रहाच्या चित्रांवरून. महाराष्ट्राने २०१७ साली ही संहिता स्वीकारली. २०१८ च्या खरिपात नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या ‘महामदत’ या यंत्रणेचा आधार घेऊन तालुके तपासले गेले आणि ३१ ऑक्टोबरला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. या रीतीत तालुक्यातल्या दहा टक्के गावांमध्ये प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करतात. बाकी नव्वद टक्के गावांत कुणी येत नाही, पावलं मोजत नाही, खुंटी ठोकत नाही. निकाल लवकर लागतो आणि बहुधा जास्त खरा लागतो. पण "पाऊल लांब टाकलं जी तुम्ही" हे म्हणायला समोर कुणी नसतं.

हे नागपूरचं केंद्र १९८८ सालचं. त्याच वर्षी १७ मार्चला आपला आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह सोव्हिएत संघातल्या बायकोनूरहून वर गेला होता. तो दर बावीस दिवसांनी फिरून यायचा आणि त्याच्या बारीक कॅमेऱ्याच्या ठिपक्यांत आमचं एक एकर रान जेमतेम तीन ठिपक्यांचं दिसायचं. तेव्हा वर्तमानपत्रात बातमी वाचून आम्हाला अभिमान वाटला होता. त्या चित्रांचा आमच्या वावराशी काही संबंध असेल, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. आमच्या लेखी उपग्रह टीव्हीसाठी सोडतात.

उपग्रहाचं चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्या वऱ्हाडी माणसाची एक गंमत होते. पिकाचं निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं, सुकलेलं पान कमी फेकतं. हा फरक दिसावा म्हणून जुन्या रीतीच्या चित्रांत अवरक्त प्रकाशाला लाल रंग देतात. म्हणजे जिथे पीक जोमात, तिथे चित्र लालभडक. आमच्याकडे पऱ्हाटी लाल पडली की लाल्या आला म्हणतात आणि कपाळाला हात लावतात. नात्यातल्या एका काकांना त्यांच्याच शिवाराचं असं चित्र मोबाइलवर दाखवलं, तर चष्मा वर करत म्हणाले, "सारंच वावर लाल्यानं गेलं का रे बाप्पा?" त्यांना सगळं उलगडून सांगितलं. त्यांनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणि पुढची पंधरा मिनिटं दिला नाही. "हे पाय," ते म्हणाले, "हा फिक्का पट्टा. इथं खाली मुरूम हाय. माह्या बापाले ठाऊक होतं, मले ठाऊक हाय. याले कोणं सांगतलं?"

चित्र वाचणं म्हणजे काय, हे आम्हाला त्या पंधरा मिनिटांत कळलं. चित्रात फिका पट्टा दिसतो आणि त्याखालचा मुरूम काकांच्या डोक्यात असतो. दोन्ही एका जागी आले तरच अर्थ लागतो.

नकाशाचीही तीच कथा. सगळी पृथ्वी मोजायला निघालेला विल्यम लॅम्टन १८२३ साली आमच्या शेजारच्या हिंगणघाटला वारला. कामाच्या वाटेवरच मरण आलं आणि गाडलाही तिथेच गेला. त्याच्या वारसांनी हिंदुस्थानचे उत्तम नकाशे काढले, पण ते आमच्यासारख्यांना पाहायला मिळायचे नाहीत. भूमापनाचे बारीक नकाशे म्हणजे संरक्षणाची बाब. आमच्या वाट्याला यायचा तो पटवाऱ्याच्या दफ्तरातला कापडावर चिकटवलेला गावनकाशा. घड्यांवर विरलेला, शाईने पुन्हा गिरवलेला, कडेला तेलाचा डाग पडलेला. चावडीत तो जमिनीवर उलगडला की दहा डोकी त्यावर वाकायची. "हा नाला इकून जात होता, तिकून नाई." म्हातारी माणसं बोट ठेवून सांगायची आणि तरणी पोरं त्या बोटामागून आपलं गाव पहिल्यांदा वरून पाहायची. अर्थात बोट ज्याचं जाड, त्याचा धुरा सरकायचा, हेही खरं.

आता कुलपं निघाली. इस्रोचं ‘भुवन’ २००९ पासून आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे काढण्या-वापरण्यावरची बहुतेक बंधनं उठवली. २०२३ च्या अंतराळ धोरणाने पाच मीटर किंवा त्याहून मोठ्या ठिपक्यांची सरकारी उपग्रहचित्रं सर्वांसाठी मोफत केली. लॅम्टनला जे स्वप्नात दिसलं नसतं ते आज अकोल्याच्या एसटी स्टँडवर बसलेल्या पोराच्या खिशात आहे. आणि पोरगा रील पाहतो आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या हातात त्या वयात मोबाइल असता तर आम्हीही गावनकाशा उघडला नसता.

पावसाचं फार सांगत नाही, कारण त्यात आमची बाजू फारच पडकी आहे. पंचांगात नक्षत्राचं वाहन पाहायचं. म्हैस आली की भरपूर, कोल्हा आला की बोंब. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला घट मांडायचे, भोवती अठरा धान्यं ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा हलला त्यावरून साऱ्या वऱ्हाडाचा हंगाम सांगायचे. आजही सांगतात, आणि आजही वर्तमानपत्रं छापतात. १९८३ साली इन्सॅट-१बी वर गेला आणि थोड्याच वर्षांत रात्रीच्या बातम्यांनंतर ढगांचं काळं-पांढरं चित्र दिसू लागलं. गल्लीतल्या एकुलत्या टीव्हीसमोर पंचवीस माणसं, आणि प्रत्येकाला त्या चित्रात आपल्या गावावर ढग दिसायचा. आता तशी चित्रं मोबाइलवर दिवसभर येतात, कितीतरी स्वच्छ. जो तो आपापली पाहतो आणि पेरणी आपापली चुकवतो.

मेळघाटात मात्र बदल खरोखर डोळ्यांत भरतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ती धग डोंगर चढते. पूर्वी मचाणावरच्या माणसाला धूर दिसला तर त्याने खालच्या नाक्यावर सांगायचं, नाक्याने पुढे कळवायचं, मग गावातून माणसं निघायची. हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत रात्र जायची. वस्तीवर पोचायच्या आत कुणाचा पाय पोळलेला, कुणाच्या भुवया जळलेल्या. धूर दिसेपर्यंत किती हेक्टर गेलं, याचा हिशेब कुणाकडे नसायचा. त्या रात्रींच्या गोष्टी आम्ही रंगवून सांगतो. जळालेल्या जंगलाला त्या रंगवून सांगता येत नाहीत.

आता दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला उपग्रह वरून जातो. त्यावरच्या उपकरणाला पावणेचारशे मीटरच्या ठिपक्यात एखादी छोटी आगही जाणवते, आणि डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून संदेश निघून वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. नासाच्या संकेतस्थळावर हेच लाल ठिपके तुम्हा-आम्हालाही दिसतात. परतवाड्यात बसून चिखलदऱ्याच्या मागच्या डोंगरावर कुठे पेटलं आहे ते पाहता येतं. पण दुपारी दोनला लागलेली आणि रात्री बाराला विझलेली आग दोन्ही फेऱ्यांच्या मधे सापडून निसटते. शिवाय ठिपका कुठे ते सांगतो, का ते सांगत नाही. ते मोहफुलं वेचणाऱ्या कोरकू बाईला विचारावं लागतं, आणि तिला विचारायला जंगलात पायीच जावं लागतं.

आमच्या माणसांनी उपग्रहाचं चित्र खऱ्या अर्थाने एकत्र पाहिलं ते २०२० च्या जूनमध्ये. लोणारचं सरोवर गुलाबी झालं. टाळेबंदीत घरी बसलेल्या अख्ख्या वऱ्हाडाने नासाची जोडचित्रं एकमेकांना पाठवली. २५ मेचं हिरवट आणि १० जूनचं गुलाबी. कुणी म्हणे शैवाल, कुणी म्हणे कलियुग. अकोल्याच्या डॉक्टरांपासून मेहकरच्या पानवाल्यापर्यंत प्रत्येकाचं एक मत होतं, आणि खूप दिवसांनी चावडीसारखा गलका ऐकू आला. शेवटी कुणीतरी काठावर जाऊन बाटलीत पाणी भरलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने ते तपासलं, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणल्याचं कळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

हा गलका इतर ठिकाणी का होत नाही? मोर्शीजवळचं अप्पर वर्धा धरण १९९३ साली पूर्ण झालं. १९८४ पासूनची उपग्रहचित्रं ओळीने पाहिली तर नदीची निळी रेघ फुगून तळं होताना दिसते, आणि पुनर्वसित गावातल्या म्हाताऱ्याला आपलं जुनं गाव नेमकं कुठे होतं ते बोटाने दाखवता येतं. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांच्या बागा कुठे वाढल्या, कुठे वाळल्या, तेही दिसतं. अकोल्यात २०१८ साली लोकांनी मोर्णा नदीतली जलकुंभी हातांनी ओढून काढली. ती पुन्हा कुठून पसरते आहे, हेही पाहता येतं. सगळंच दिसतं असं नाही. बोअर किती फूट खाली गेली ते उपग्रह सांगत नाही. भूजलाचा अंदाज देणारे जे उपग्रह आहेत त्यांच्या एका ठिपक्यात अख्खा अमरावती विभाग मावतो. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी किती मचूळ आहे, ते अजून जिभेलाच कळतं. दहा मीटरच्या ठिपक्यात दोन हातांचा धुरा दिसत नाही, त्यामुळे भावकीची भांडणं सुरक्षित आहेत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा पिकाला सर्वांत जास्त गरज असते, नेमके तेव्हाच ढग मध्ये येतात. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून उडालेला ‘निसार’ हा इस्रो आणि नासाचा त्यातलाच. त्याचीही माहिती सर्वांसाठी खुली.

आमची खरी हळहळ वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. चावडीवाचन नावाचा एक प्रकार असायचा. पटवारी उभा राहून नोंदी मोठ्याने वाचायचा. अमक्याचं इतकं रान, इतकं पीक, इतकी झाडं. वाचणाऱ्याचा आवाज कंटाळलेला, ऐकणारे पेंगलेले. मधेच एखादी विधवा बाई पदर सावरत उठायची, "थांबा जी. थे आंब्याचं झाड माह्यं हाय." आणि वाचन थांबायचं. दुरुस्ती व्हायचीच असं नाही, बऱ्याचदा होत नसे. पण सगळ्या गावाने ऐकलेलं असायचं, आणि पुढच्या वेळी वाचणाऱ्याची जीभ त्या ओळीवर अडखळायची.

नवा पटवारी सगळं पाहतो आणि वाचून काही दाखवत नाही. २०२३ च्या खरिपात पीक विम्यासाठी सोयाबीनसारख्या पिकाचं उत्पादन ठरवताना ३० टक्के वजन दूरसंवेदनाच्या अंदाजाला दिलं गेलं. त्या हिशेबात आपल्या मंडळाचे ठिपके कसे वाचले, कोणत्या तारखेचं चित्र धरलं, हे गावात कुणी विचारलं नाही, कारण विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच ई-पीक पाहणी करतो. रेंज मिळावी म्हणून बांधावरच्या लिंबावर चढून पिकाचा फोटो काढतो, त्याबरोबर अक्षांश-रेखांश जातात. उपग्रहाचं चित्र खरं की खोटं ते पडताळायला याहून चांगला पुरावा कोणता? तो पुरावा आमचेच लोक तयार करतात, वर पाठवतात आणि विसरतात.

तेव्हा एक सुचवणं आहे. दुष्काळ ठरवण्याची रीत बदलली तरी आमच्या विभागात नजरअंदाज पैसेवारी अजून ३० सप्टेंबरच्या सुमाराला येते आणि अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला लागते. मधे २ ऑक्टोबरची ग्रामसभा असते. तोवर ढग विरळ होतात, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, पऱ्हाटी उभी असते. त्या दिवशी शाळेतला प्रोजेक्टर मागून आणा आणि गेल्या पाच वर्षांच्या सप्टेंबरमधली आपल्या शिवाराची चित्रं ओळीने भिंतीवर टाका. चित्रं फुकट आहेत. ती उघडायला अकरावीतली पोरगी पुरे, शिकायला तिला एक दुपार लागेल. शेजारी पटवाऱ्याला उभं करा, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून कुणी येत असेल तर त्यांना बोलवा, आणि मुरूम कुठे आहे ते माहीत असलेल्या म्हाताऱ्यांना पुढच्या ओळीत बसवा. जे चित्राशी जुळत नाही ते ठरावात लिहा, ठराव तहसीलला द्या आणि पोच घ्या. अंतिम पैसेवारी लागायला तेव्हा अजून जवळपास तीन महिने असतात.